नोनाची वही : प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

नोनाला जाऊन दोन महिने झाले. नोव्हेंबरच्या ९ तारखेला गेली, ब्याण्णवाव्या वर्षी. आज तिच्या घरी, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेलव्हिलला, सगळे जेवायला जमलो होतो. जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी तळघरातून दोन खोकी आणून टेबलावर ठेवली. घर उन्हाळ्याअखेर विकायचं आहे, मग खोक्यांचं काय? कुणी काही बोलेना. मी म्हटलं, माझ्याकडे द्या. वर्षाच्या आत घरच्यांपुरतं एक पुस्तक करते, चाळीस प्रती, वर्षाच्या प्रार्थनेला प्रत्येकाच्या हातात पडेल असं.

पुस्तक इंग्रजीत होईल. या नोंदी मात्र मराठीत ठेवतेय, म्हणजे सासवडला आईलाही वाचता येतील. नोना म्हणजे इटालियनमध्ये आजी. नात्याने ती माझी आजेसासू. तिच्याशी बोलणं इंग्रजीत, त्यामुळे अहो की अगं हा प्रश्न कधी आलाच नाही. मनात मात्र ती पहिल्या दिवसापासून 'ती'च होती, सासवडच्या माझ्या आजीसारखी.

खोक्यांतला ऐवज: फोटो ४१२. कॅसेट ११. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, आत बटणं आणि कागदाचे कपटे. विमानाच्या पाकिटांतली पत्रं, एक गठ्ठा. रबरबँड लावलेली प्रार्थनाकार्डं, म्हणजे मयताच्या वेळी वाटतात ती: पुढे संताचं चित्र, मागे गेलेल्या माणसाचं नाव आणि तारखा. आणि काळ्या-पांढऱ्या पुठ्ठ्याची एक जाड शाळकरी वही.

३ फेब्रुवारी, शनिवार

पहिले साठ फोटो ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन झाले होते. कोपऱ्यातले चेहरे मोठे केले की फुटतात. सगळे परत ६०० वर करतेय, टिफ स्वरूपात, आणि प्रत्येक फोटोची मागची बाजूही. नोना मागे पेन्सिलीने लिहायची. फोटोतली माणसं ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही, तेव्हा त्या दोन शब्दांची किंमत मोठी आहे.

संध्याकाळी वही उघडली आणि स्कॅनिंग तिथेच थांबलं.

पहिलं पान, जून १९५३, तिचं लग्न. ओळीने ११८ नावं आणि पुढे डॉलर: ५, ५, १०, ५, एकीकडे २ आणि चादर. त्या काळी इथल्या इटालियन वस्त्यांत लग्न चर्चच्या नाहीतर एखाद्या मंडळाच्या हॉलमध्ये व्हायचं. मेणकागदात गुंडाळलेल्या सँडविचांचे ढीग टेबलांवर असायचे, आणि हॉलच्या पलीकडून कुणी मागितलं की इकडून फेकायचं. म्हणून त्याला 'फुटबॉल वेडिंग' म्हणत. अहेर पाकिटातून. पाकिटाला 'बुस्ता' म्हणतात आणि ती पाकिटं ठेवायला नवरीच्या हातात साटिनची थैली असते. पुढच्या पानांवर बाळंतपणं, बाप्तिस्मे, १९८८ मध्ये आजोबा गेले तेव्हा कुणी काय शिजवून आणलं ('लझान्या, मोठा काचेचा ट्रे, परत केला'), तिचं गुडघ्याचं ऑपरेशन. सत्तर वर्षांत तिने जे जे घेतलं ते सगळं. शेवटची ओळ ऑगस्ट २०२३ ची, अक्षर थरथरलेलं: माझं नाव आणि पुढे 'फळीवरच्या बरण्या काढून दिल्या'.

मी कोऱ्या तक्त्यात दोन रकाने आखले होते, 'घेतलं' आणि 'दिलं'. दुसरा रिकामा राहिला. अख्ख्या वहीत दिल्याची एक ओळ नाही.

आईला फोन केला. आमच्याकडेही ट्रंकेत अहेराची वही आहे. आई म्हणाली, "आपण दोन्ही लिहितो बाई. नाहीतर परत करताना काय करायचं?" मग आत्यांना विचारलं, म्हणजे नवऱ्याच्या आत्याला, नोनाच्या थोरल्या मुलीला. त्या म्हणाल्या, मीही एकदा मम्माला हेच विचारलं होतं. तिचं उत्तर होतं, "ते कोण लिहितं? तू काल काय खाल्लंस ते लिहून ठेवतेस का?"

आराखडा बदलला. वहीतल्या नावांपैकी जे हयात आहेत, किंवा ज्यांची मुलं हयात आहेत, त्यांना पत्रं पाठवायची. टपालाने, कारण बरेच जण ऐंशीच्या पुढचे आहेत. पत्रात एकच प्रश्न: तिने तुम्हाला काय दिलं?

१८ फेब्रुवारी, रविवार

६३ पत्रं गेली.

दरम्यान सुरुवातीचं प्रकरण लिहायला घेतलं. नोनाचा जन्म १९३१ चा, न्यूअर्क शहरातल्या फर्स्ट वॉर्ड या इटालियन वस्तीतला. आई-वडील दक्षिण इटलीतल्या कापोसेले गावचे, नेपल्सच्या पूर्वेला डोंगरात. याच गावात सेले नदी उगम पावते. १९०६ पासून त्या झऱ्यांचं पाणी बोगद्याने डोंगरापलीकडे पुलिया प्रांताला न्यायचं काम सुरू झालं आणि १९१५ मध्ये ते बारी शहरात पोचलं. नोनाचे वडील पोरवयात त्या बोगद्यावर पाट्या वाहायचे. काम संपत आल्यावर ते अमेरिकेला आले.

वडील नागरिक झाले होते, आई नव्हती. हे कळलं ते डब्यातल्या एका लहानशा पुस्तिकेमुळे: आईचा फोटो, बोटाचा ठसा, साल १९४२. अमेरिका युद्धात उतरल्यावर नागरिकत्व न घेतलेले इथले सुमारे ६ लाख इटालियन 'शत्रुदेशाचे परके' ठरले. ओळखपत्र जवळ बाळगायचं, शॉर्टवेव्ह रेडिओ आणि कॅमेरा ठेवायचा नाही, परवानगीशिवाय प्रवास करायचा नाही. मला प्रश्न पडला, नवरा नागरिक असताना बायको परकी कशी? उत्तर एका कायद्यात सापडलं. २२ सप्टेंबर १९२२ पर्यंत नागरिकाशी लग्न केलेली बाई आपोआप नागरिक व्हायची. त्या तारखेपासून बाईला स्वतंत्र अर्ज करणं भाग झालं. बायकांना स्वतःचं नागरिकत्व देणारी चांगलीच सुधारणा ती. पण यांचं लग्न १९२३ चं. घरात पाच पोरं, बाईला लिहिता-वाचता येत नाही, अर्ज राहून गेला.

कॅसेट क्र. ४ वर नोना सांगते (ही ध्वनिमुद्रणं १९९४ मध्ये आत्यांनी केलेली): आईबरोबर रेडिओ घेऊन पोलीस ठाण्यात मी गेले, कारण तिला इंग्रजी येत नव्हतं. मी अकराची नव्हते. तिचा थोरला भाऊ त्याच वर्षी अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. १२ ऑक्टोबर १९४२ ला, कोलंबस दिनी, इटालियनांवरचा तो शिक्का उठवत असल्याचं जाहीर झालं. 'शत्रूची भाषा बोलू नका' अशी भित्तिपत्रकं तोवर सगळ्यांनी पाहिली होती. नोनाची आई त्यानंतर बसमध्ये मुलांशी कधी गावच्या बोलीत बोलली नाही, आणि नोनाने पुढे आपल्या मुलांना ती बोली शिकवली नाही. सासऱ्यांना त्यातले शंभरेक शब्द येतात, बहुतेक खाण्याचे आणि रागावण्याचे.

१९ मार्च, मंगळवार

संत जोसेफचा दिवस. आत्यांनी झेप्पोले (तळलेली गोड मिठाई) पाठवले, वर क्रीम आणि सिरपातली चेरी.

१४ उत्तरं आली. चार-पाच ओळींची, कापऱ्या अक्षरांतली. एकीने लिहिलंय, नवरा दारू प्यायचा, त्या वर्षी दर शुक्रवारी तुमची आजी 'जास्त झालंय' म्हणून पातेलं आणून द्यायची, आणि ते कधीच जास्त झालेलं नसायचं, कारण पातेलं काठोकाठ भरलेलं असायचं. एकाला कॉलेजच्या मुलाखतीसाठी आजोबांचा कोट, रात्रीतून उसवून त्याच्या मापाचा केलेला. एक म्हणतो, माझ्या बाबांच्या मयताला ती पाकीट देऊन गेली आणि दहाव्या दिवशी परत आली, कारण 'दहाव्या दिवशी कुणी येत नाही.' हे वाचून मी बराच वेळ बसून राहिले.

विमानाच्या पाकिटांतली पत्रं नवऱ्याच्या आतेबहिणीने वाचून दिली, ती कॉलेजात इटालियन शिकली आहे. २३ नोव्हेंबर १९८० ला संध्याकाळी इर्पिनियात, म्हणजे कापोसेलेच्याच भागात, भूकंप झाला. जवळपास तीन हजार माणसं गेली, कापोसेलेही हादरलं. १९८१ च्या फेब्रुवारीतलं चुलतबहिणीचं पत्र आहे: बूट मिळाले, सतरा जोड, मापं बरोबर आहेत, तुला मापं कळली कशी? सासरे म्हणाले, "फोन लागत नव्हते तेव्हा. तिने गावाकडच्या सगळ्या फोटोंतली पोरं मोजली होती, आणि कोण किती वाढलं असेल ते ठरवलं होतं."

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना ठाऊक होतं, कारण बुटांची खोकी त्यांनी उचलली होती.

३० मार्च, शनिवार

उद्या ईस्टर. पास्तिएरा करून पाहिली. नोनाच्या कार्डावर इतकंच: 'गहू, रिगॉट पुरेसं, अंडी, संत्र्याच्या फुलांचं पाणी, शुक्रवारी कर, रविवारपर्यंत हात लावू नको.' शिजवलेला गहू, रिकोटा (मऊ ताजं चीज) आणि अंडी मऊ पिठाच्या आवरणात भाजायची. २०१७ मध्ये मी तिला गव्हाची खीर करून नेली होती. दोन चमचे खाल्ल्यावर ती म्हणाली, "ही तर पास्तिएरा आहे, घरातून बाहेर पडलेली." तिसऱ्या प्रयत्नात प्रमाण जमलं: पाऊण किलो रिकोटा, अर्धा किलो शिजलेला गहू, सहा अंडी.

'रिगॉट' हा शब्द पुस्तकात तसाच ठेवायचा. नवऱ्याला लहानपणी शाळेत या उच्चारांवरून हसत असत: रिकोटाला रिगॉट, कापोकोल्लोला गाबागूल, पास्ता ए फाजोलीला पास्ताफाझूल. अशुद्ध काही नाही त्यात. नेपल्सकडच्या बोलींत शेवटचा स्वर जवळजवळ गिळतात आणि क, प, त ही व्यंजनं मऊ होतात. आपणही 'राम' लिहितो आणि शेवटचा अ बोलत नाही. कॅसेट उतरवून घेताना मी तिचे शब्द देवनागरीत लिहिते. रोमनपेक्षा बरे बसतात.

कॅसेट क्र. ७ चा दाबपट्टीचा स्पंज गळून पडलाय, आवाज बुडतो. स्क्रूवाली दुसरी कॅसेट उघडून फीत तिच्यात बसवली. आवाज आला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घेतला.

२० एप्रिल, शनिवार

अंजिराचं झाड उघडलं.

इथल्या इटालियन घरांच्या मागच्या अंगणात हे असतंच. हिवाळ्यात झाड मरू नये म्हणून नोव्हेंबरअखेर फांद्या दोरीने आवळायच्या, भोवती गोणपाट, जुनी सतरंजी, वर ताडपत्री, आणि शेंड्यावर उपडी बादली, पाणी आत जाऊ नये म्हणून. बर्फात ते एखाद्या माणसासारखं उभं असतं. एप्रिलच्या मध्याला सोडायचं, घाई केली तर उशिराच्या थंडीत कोंब जळतात. यंदा बांधलं तेव्हा नोना जाऊन तीन आठवडे झाले होते.

२०१५ मध्ये मी पहिल्यांदा या घरी आले, तेव्हा ती मला थेट अंगणात घेऊन गेली होती. मी सांगितलं, माझ्या गावाभोवती अंजिराच्या बागाच आहेत, खट्टा बहार, मिठा बहार, पुरंदरची अंजिरं पुण्या-मुंबईला जातात. तिने विचारलं, "मग तुम्ही एवढी सगळी झाडं बांधता कशी?" आमच्याकडे बांधावी लागत नाहीत म्हटल्यावर तिने माझ्या नवऱ्याला हाक मारली आणि म्हणाली, या मुलीच्या गावात अंजीर कोट न घालता राहतं. बेलव्हिलमध्ये ती गोष्ट तिने किती जणांना सांगितली असेल, देव जाणे.

हे झाड तिच्या वडिलांच्या फर्स्ट वॉर्डमधल्या झाडाचं. सेंट लुसी चर्चच्या भोवतीची ती सगळी वस्ती, एटथ अॅव्हेन्यूची दुकानं, बेकऱ्या, १९५० च्या दशकात सरकारने झोपडपट्टी ठरवून पाडली आणि तिथे 'कोलंबस होम्स' नावाच्या उंच इमारती उभ्या केल्या. त्या इमारतीही १९९४ मध्ये पाडल्या. घर सोडताना वडिलांनी फांदी कापून ओल्या फडक्यात आणली. मी फेब्रुवारीतच पेन्सिलीएवढ्या जाडीच्या बारा फांद्या कापून कुंड्यांत लावल्या होत्या. नऊ जगल्या. प्रत्येक नातवंडाला एक.

९ जून, रविवार

आजची नोंद नीट लिहायची आहे.

पत्र्याच्या डब्यात कागदाचे जे कपटे होते, ते मी जानेवारीत बाजूला ठेवले होते. दीड इंचाचे, आकडे छापलेले, काही एका डिंकाच्या कागदावर चिकटवलेले, काही सुटे. नोना १९४९ पासून न्यूअर्कमध्ये कोटांच्या कारखान्यात होती. १९५० च्या जनगणनेत, जी २०२२ मध्ये खुली झाली, तिच्यापुढे शिलाई मशीनवरची कामगार असंच आहे. (आडनाव चुकीचं लिहिलेलं, रस्त्यावरून शोधावं लागलं.) आत्यांनी समजावलं: कापलेल्या तुकड्यांचा गठ्ठा यायचा आणि त्याला तिकिटांची पट्टी असायची. जिने बाही शिवली तिने बाहीचं तिकीट कापून आपल्या कागदावर चिकटवायचं. आठवड्याला जितकी तिकिटं तितकी मजुरी. म्हणजे तिकीट म्हणजे रोख पैसे. मग काही तिकिटं घरी डब्यात कशी राहिली, हे आत्यांनाही माहीत नव्हतं.

आज एका बाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, वय ७१, आवाज खणखणीत. वहीतल्या डिसेंबर १९६२ च्या एका ओळीवरून मी त्यांच्या आईच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं. ते नातेवाइकांच्या हातून फिरत त्यांच्याकडे चार महिन्यांनी पोचलं. त्यांची आई जॉर्जियाहून न्यूअर्कला आलेली, कृष्णवर्णीय, नोनाच्या शेजारच्या मशीनवर. १९६२ च्या उन्हाळ्यात पोटुशी होती, पाय सुजायचे, काम मंदावलं. कमीत कमी तिकिटं भरली नाहीत की मुकादम घरी पाठवायचा. त्या म्हणाल्या, "तुमची आजी रोज जेवणाच्या सुट्टीत स्वतःची तिकिटं माझ्या आईच्या कागदावर चिकटवायची. सात आठवडे. आई नको म्हणायची, तर ही म्हणायची, मला मोजता येत नाही, माझी जास्त झाली आहेत." भाऊ झाला. आईने डिसेंबरात पीचचा मुरंबा दिला.

वही उघडली. डिसेंबर १९६२: दोन आद्याक्षरं, 'पीचचा मुरंबा, २ बरण्या, बरण्या परत केल्या'.

डब्यातला तो चिकटवलेला कागद मी फोनवरच वाचून दाखवला. वर कामगाराचा क्रमांक आहे, नोनाचा नाही. पलीकडे त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. बाळ आठवडाभर आधी आलं होतं, म्हणाल्या. शेवटचा कागद द्यायचा राहिला असेल.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, तीही इथे लिहिते. "चांगलं लिहा, पण सगळं लिहा. कारखान्यातून सुटल्यावर दोघी वेगवेगळ्या बसने जायच्या. तुमच्या लोकांच्या गल्लीत माझी आई संध्याकाळी चालू शकत नव्हती." मी आत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, खरं आहे. १९६७ च्या जुलैत न्यूअर्क पेटलं, २६ माणसं मेली, त्या आठवड्यात मामा या घरी जेवताना काहीबाही बोलला. मम्मा उठली, त्याच्या पुढचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. काही बोलली नाही. तो उपाशी घरी गेला, पुढच्या रविवारी परत आला.

सासऱ्यांना ही गोष्ट पुस्तकात नको आहे. मला हवी आहे. कागद मी त्या बाईंना पाठवणार आहे, स्कॅन आपल्याकडे राहील.

२४ ऑगस्ट, शनिवार

घराचा व्यवहार सप्टेंबरात पूर्ण होईल. तळघरातल्या स्वयंपाकघरात शेवटचे टोमॅटो केले. (अशा घरांत स्वयंपाकघरं दोन. वरचं पाहुण्यांना दिसायला, खालचं खरं.) चार बुशेल लांबट टोमॅटो, एका बुशेलला साधारण २४ किलो. उकळत्या पाण्यात बुडवून सालं काढायची, बरणीत दाबून भरायचे, प्रत्येकीत तुळशीसारखं बेझिलचं एक पान, झाकण, मग मोठ्या पातेल्यात ८५ मिनिटं उकळायचं. नोना आंबट काही घालत नसे. आम्ही क्वार्टाच्या (साधारण एक लिटरच्या) बरणीला दोन मोठे चमचे लिंबाचा रस घातला, हल्लीचे टोमॅटो पुरेसे आंबट असतीलच असं नाही. ७१ बरण्या.

दुपारी सासरे बरण्या पुसता पुसता म्हणाले, ती ताटाची गोष्ट घे पुस्तकात. आपण का बदललो तेही विचारू नकोस. मी विचारलं नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

आज सर्वपित्री. आईने सासवडला नोनाच्या नावानेही पान वाढलं, फोटो पाठवला.

पुस्तकाची कच्ची प्रत तयार, १३२ पानं. एका गोष्टीवरून मात्र वाद आहे. नवऱ्याच्या आतेबहिणीचं म्हणणं, माल्लोक्यो उतरवायची प्रार्थना पुस्तकात हवी. माल्लोक्यो म्हणजे दृष्ट. बशीत पाणी घ्यायचं, प्रार्थना पुटपुटत बोटाने तेलाचे थेंब सोडायचे. थेंब गोल राहिला तर काही नाही, पसरला तर दृष्ट आहे. ती प्रार्थना बाईने बाईला द्यायची, तीही नाताळच्या आदल्या रात्रीच. एरवी सांगितली तर जाते, असं मानतात.

२०१९ मध्ये आमची मुलगी तीन महिन्यांची होती. एका लग्नाहून आल्यावर रात्रभर रडत होती. आई बाळंतपणासाठी आलेली होती. तिने मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेतल्या, बाळावरून उतरवल्या आणि मागच्या अंगणात कोळशावर टाकल्या. त्याच वेळी नोना बशी घेऊन बाळापाशी बसली. आईला इंग्रजी यथातथा, नोनाला मराठी कुठून येणार. आई आत आली आणि नाकापाशी हात हलवून म्हणाली, ठसका नाही. म्हणजे दृष्ट होती. नोनाने बशी पुढे केली. थेंब सगळे पसरलेले. दोघींनी एकमेकींकडे पाहून माना डोलावल्या, जणू दोन डॉक्टरांचं निदान जुळलं. मग नोनाने आईला खुणेने विचारलं, मिरच्या किती? आईने पाच बोटं दाखवली.

दोन वर्षांनी, नाताळच्या आदल्या रात्री, सात प्रकारचे मासे खाऊन झाल्यावर, नोनाने मला खाली बोलावलं आणि प्रार्थना दिली. मी विचारलं, तुझ्या मुली-नाती सोडून मला का? म्हणाली, "तू विचारलंस. त्यांना वाटतं माझ्याकडे अजून वेळ आहे." रामरक्षा पाठ केली होती तशी पाठ केली. लिहिली नाही.

छापणार नाही, असं आतेबहिणीला कळवलं. ती रागावली आहे. तिची बाजूही मला समजते, नोना तिची आजी होती.

१६ ऑक्टोबर, बुधवार

संत जेरार्डचा दिवस. मुलीला घेऊन सेंट लुसीला गेले. संत जेरार्ड १७५५ मध्ये कापोसेलेजवळच्या मातेरदोमिनीला वारले, गर्भार बायकांचे ते रक्षक. कापोसेलेच्या लोकांनी हा उत्सव न्यूअर्कला आणला. मूर्तीच्या अंगावर नोटांची झूल असते, लोक टाचत जातात. मी पोटुशी असताना नोनाने इथलाच आशीर्वाद दिलेला हातरुमाल माझ्या उशीखाली ठेवला होता. कथा अशी की, जेरार्डचा विसरलेला रुमाल एका मुलीकडे राहिला आणि पुढे अडलेल्या बाळंतपणात तिला त्याने तारलं.

फाइल छापखान्यात गेली. ४१२ पैकी ९० फोटो, ३८ पत्रं. तिकिटांच्या कागदाला पूर्ण पान.

९ नोव्हेंबर, शनिवार

प्रार्थना झाली, पुस्तकं वाटली. दूरध्वनीवरच्या शिक्षिका बाई भावाला घेऊन आल्या होत्या. तो आता ६२ वर्षांचा. आत्यांनी त्याचा हात धरून त्याला स्वतःच्या शेजारी बसवलं. जाताना त्याने दोन बरण्या दिल्या, पीचच्या. मी वही सोबतच नेली होती. शेवटच्या ओळीखाली लिहिलं: तारीख, नाव, २ बरण्या.

पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लोक तिथेच लिहायला लागले. कुणी 'मलाही' म्हणून सुरुवात केली. सहा प्रती तशा भरल्या, त्या परत मागून स्कॅन करायच्या आहेत.

२४ डिसेंबर, मंगळवार

मासे झाले, बाकाला (खारवलेला सुका मासा) तीन दिवस पाणी बदलून भिजवला होता. अंजिराच्या नवही कुंड्या गराजमध्ये, पानं गळली आहेत, कोंब जिवंत आहेत.

आतेबहिणीला आठवड्यापूर्वी फोन केला होता. म्हटलं, आज रात्री ये. ती साडेअकराला आली, अंगावरचा कोट तसाच. मुलगी झोपली आहे. पुरुष मंडळी वर पत्ते खेळताहेत. दोघींचे फोन वर ठेवले. खाली टेबलावर बशी, पाणी आणि तेलाची वाटी मांडली आहे. बाराला तीन मिनिटं आहेत, वही मिटते.